मेलेल्याचं दार

सहा सेंटिमीटर. एवारिस्तोच्या सगळ्या दुर्दशेचं माप एवढंच होतं. त्याच्या घराचं दार अठ्ठावन्न सेंटिमीटर रुंद, आणि नोरीनाची चाकांची खुर्ची चौसष्ट.

नोरीना म्हणजे त्याची बायको. जून महिन्यात चेरीच्या झाडावरून पडून तिनं खुबा मोडून घेतला होता. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ती झाडावर काय करत होती, हे तिला विचारायची हिंमत रोक्कापिंता गावात कुणाला झाली नाही. इस्पितळ होतं खाली, खोऱ्यातल्या शहरात. तीन महिने झाले, आता तिला घरी सोडायचं ठरलं आणि इस्पितळानं एवारिस्तोला एक तक्ता भरायला पाठवला. नववा प्रश्न होता, "घराच्या मुख्य दाराची रुंदी (किमान सत्तर)". दुसरा कुणी असता तर त्यानं डोळे मिटून सत्तर लिहिलं असतं. पण एवारिस्तोनं अडतीस वर्षं गावच्या पालिकेत कारकुनी केली होती आणि त्या अडतीस वर्षांत एकही खोटा आकडा कागदावर घातला नव्हता. त्यानं लोखंडी टेप आणली, तीनदा माप घेतलं आणि सुवाच्य अक्षरात अठ्ठावन्न लिहिलं.

आठ दिवसांत उत्तर आलं. दार निदान सत्तर होत नाही तोवर रुग्णाला या पत्त्यावर पाठवता येणार नाही. तिला एखाद्या आटोपशीर, लिफ्ट असलेल्या घरी ठेवावं, उदाहरणार्थ रुग्णाची नणंद श्रीमती इओलांदा यांच्याकडे.

"इओलांदाकडे मी जाणार नाही," नोरीनानं फोनवर सांगून टाकलं. "तिच्या सोफ्यावर अजून दुकानातलं प्लास्टिक आहे. आणि ती मला रोज सकाळी विचारणार, झाडावर काय करत होतीस म्हणून."

"अगं, थोडेच दिवस..."

"सप्टेंबर संपायच्या आत मला माझ्या स्वयंपाकघरात बसायचंय, एवारिस्तो. दार मोठं कर."

आता हे दार म्हणजे काही सुताराकडून बसवून घेतलेलं दार नव्हे. रोक्कापिंतातली निम्मी घरं किल्ल्याच्या तटातच कोरलेली आहेत आणि एवारिस्तोचं घर त्यातलंच एक. भिंत दीड मीटर जाड. सातशे वर्षांपूर्वी ज्या गवंड्यांनी ती बांधली, त्यांनी दारं मुद्दाम अरुंद ठेवली, चिलखत घातलेल्या शत्रूला आडवं होऊन, एकेकट्यानं आत शिरावं लागावं म्हणून. एवारिस्तोला या गोष्टीचा फार अभिमान होता. पाहुणा आला की तो त्याला दारातून आडवं करून आत घ्यायचा आणि मग सांगायचा की सातशे वर्षांत या घरात एकही शत्रू शिरू शकलेला नाही. आता नोरीनाही शिरू शकत नव्हती.

गावानं सल्ला द्यायला सुरुवात केली. रोक्कापिंतात त्रेसष्ट घरं आहेत आणि पहिल्या आठवड्यात निदान ऐंशी सल्ले आले. खुर्चीची चाकं काढा आणि तिला नुसत्या खुर्चीवर आत सरकवा. तिला मोरपिशी रंगाची अरुंद खुर्ची घ्या, मोदेना शहरात मिळते (मोदेनात मिळतं म्हटलं की गावात कुणी वाद घालत नाही). वरच्या खिडकीतून दोरानं ओढून घ्या, पियानो घेतात तसं. हा सल्ला देणाऱ्यानं आयुष्यात पियानो पाहिला नव्हता. समोरच्या झेलिंदाचं मत सगळ्यांत साधं होतं.

"तू खाली जाऊन राहा इओलांदाकडे, नोरीनासोबत. इथे आम्ही तुझ्या कोंबड्या बघतो."

"झेलिंदा, माझ्या कोंबड्या गेल्या वर्षीपासून तूच बघतेयस. अंडी कुठे जातात ते मी विचारलं का कधी?"

झेलिंदानं खिडकी लावून घेतली. ती खिडकी एवारिस्तोच्या दारापासून बरोब्बर तीन मीटरवर होती आणि गेली चाळीस वर्षं उघडी असायची. त्यामुळे ती बंद झाल्याचं गल्लीत सगळ्यांना कळलं.

शेवटी प्रीमोनं मार्ग काढला. प्रीमो गावातला एकुलता एक गवंडी. तटाकडे पाहत तो बराच वेळ उभा राहिला, एवारिस्तोच्या दाराशेजारच्या भिंतीवर त्यानं बोटाच्या पेरांनी ठकठक केली आणि म्हणाला, "साहेब, दार तर तुमच्याकडे आहे की दुसरं."

होतंच. गावात तटातल्या प्रत्येक घराला दोन दारं असतात. एक रोजचं. दुसरं त्याच्या शेजारी, रस्त्यापासून एक पायरी वर, दगड-चुन्यानं लिंपून बंद केलेलं. त्याला मेलेल्याचं दार म्हणतात. घरातलं कुणी गेलं की ते उघडायचं, शवपेटी त्यातून बाहेर काढायची, आणि संध्याकाळच्या आत परत लिंपून टाकायचं. मृत्यू ज्या वाटेनं गेला ती वाट त्याला परत सापडू नये म्हणून. एवारिस्तोचं दार १९७१ साली त्याच्या बापासाठी उघडलं होतं, तेव्हापासून बंद होतं. शिवाय ते इतरांच्या दारांपेक्षा रुंद होतं. त्याचा एक पणजोबा गिरणीवाला होता आणि एकशे चाळीस किलोचा होता, त्याच्यासाठी ते रुंदावलं होतं. घराण्यात या पणजोबाचं नाव फारसं आदरानं घेतलं जात नसे. त्या दिवशी एवारिस्तोनं पहिल्यांदा त्याच्या फोटोला नमस्कार केला.

"एकाहत्तर," प्रीमो टेप गुंडाळत म्हणाला. "माझी तयारी आहे. पण परवानगी आणा साहेब. तट सरकारी आहे, मी तुरुंगात जायचा नाही."

परवानगीसाठी एवारिस्तो खोऱ्यातल्या शहरात पुरातत्त्व कचेरीत गेला. तिथे कार्लोत्ता मारी नावाच्या बाई होत्या, चष्मा गळ्यात, केस पांढरे, बोलणं मोजकं. त्यांनी त्याचा अर्ज शेवटपर्यंत वाचला. सरकारी कचेरीत असं कुणी वाचतं हे पाहून एवारिस्तोच्या मनात त्यांच्याबद्दल आदर निर्माण झाला.

"आमची हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या पालिकेचाच नियम आड येतो, आणि तो पाहूनच आम्हाला मंजुरी द्यावी लागते. चव्वेचाळीस. हे बघा."

एवारिस्तोनं नियम वाचला. "मेलेल्याचे दार केवळ परंपरागत कारणासाठीच उघडता येईल. अर्जासोबत पुढील पुरावे जोडावेत. एक, घंटा वाजवल्याचे पाद्र्यांचे पत्र. दोन, शोकाचे जेवण घरी पोहोचवल्याबद्दल दोन शेजाऱ्यांच्या सह्या. तीन, वाहून नेण्यास चार बांधव येतील असे शववाहक मंडळींचे लेखी आश्वासन." काय भाषा आहे, काय नेमकेपणा आहे, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं खालची सही पाहिली. मसुदा, एवारिस्तो चेकारेल्ली, १९८६.

त्याला आठवलं. त्या वर्षी एका पठ्ठ्यानं बापासाठी उघडलेल्या मेलेल्याच्या दारातून आइस्क्रीम विकायला सुरुवात केली होती आणि गाव पेटलं होतं. तेव्हा त्यानं दोन दिवस बसून हा नियम लिहिला होता. नगराध्यक्षांनी त्याला वाइनच्या सहा बाटल्या दिल्या होत्या.

"चांगला नियम आहे," मारीबाई म्हणाल्या.

"आभारी आहे," एवारिस्तो म्हणाला आणि बसनं घरी निघाला. बस डोंगराची वळणं चढत होती आणि समोर किल्ल्याचा मनोरा दिसत होता, त्याच्याभोवती कावळे फिरत होते. त्याला आयुष्यात पहिल्यांदा तो मनोरा आवडला नाही.

आता मधल्या वेळात रोक्कापिंतात काय झालं ते सांगायला हवं. प्रीमो कामाला लागला की थांबत नसे. परवानगी यायच्या आधी निदान आतली जाडी तरी बघून ठेवू, म्हणून त्यानं मेलेल्याच्या दारातला एकच दगड काढला, आतून टेप घातली आणि जेवायला निघून गेला. दगड तसाच पायरीवर ठेवला.

झेलिंदानं खिडकी उघडली. समोर मेलेल्याच्या दारातला दगड निघालेला. एवारिस्तो सकाळच्या बसनं, काळा कोट घालून, घाईघाईनं शहरात गेलेला. तिथे इस्पितळ, आणि तिथे नोरीना. त्या गावात एवढ्या खुणांचा एकच अर्थ होतो. झेलिंदानं डोक्याला काळा रुमाल बांधला आणि ती रडत पाद्र्यांकडे धावली.

पाद्री फुल्जेंसियो शहाऐंशी वर्षांचे होते आणि बाईमाणसाचे अश्रू म्हणजे त्यांना पुरेसा पुरावा. त्यांनी स्वतः घंटेचा दोर ओढला. बाईसाठी घंटा दोनदा वाजते, मग थांबते, मग पुन्हा दोनदा. घंटा ऐकून बाजारातल्या बायकांनी चुली पेटवल्या, कारण ज्या घरात माणूस गेलं त्या घरात तीन दिवस स्वयंपाक होत नाही, तो शेजाऱ्यांनी पोहोचवायचा. नोरीनाचं नाव गावात मोठं. ती पडली ते सगळ्यांना चेरी काढून देतानाच पडली होती. त्यामुळे कुणी कमी स्वयंपाक केला नाही.

दुपारी बस चौकात थांबली. एवारिस्तो उतरला आणि त्यानं घंटा ऐकली. दोन टोले, थांबा, दोन टोले. त्यानं रीतीप्रमाणे टोपी काढली.

"कोण गेली?" त्यानं ब्रेडवाल्याला विचारलं.

ब्रेडवाल्यानं त्याला मिठी मारली. मग खाटकानं. मग तीन बायकांनी एकदम. कुणीतरी म्हणालं, "धीर धर, एवारिस्तो. बरं झालं, त्रास नाही झाला तिला."

एवारिस्तोला काही कळेना, आणि मग सगळं एकदम कळलं. तो आता इस्पितळाच्या समोरूनच तर बसमध्ये चढला होता. आत डोकावला नाही, कारण हात हलवत जाऊन तिला काय सांगायचं होतं? नियमाचा कागद खिशात, आणि बायको तिथे. तो धावत घरी गेला. स्वयंपाकघरात सात बायका बसल्या होत्या आणि टेबलावर कोंबडीचा रस्सा, पास्त्याचे थर लावून भाजलेल्या दोन लसान्या, तव्यावरच्या जाड रोट्या आणि एक अख्खं मेंढीच्या दुधाचं चीज होतं. त्यानं फोन उचलला. इस्पितळानं त्याला थांबवून ठेवलं आणि कानात संगीत वाजवलं. ते संगीत एवारिस्तो आयुष्यात विसरला नाही.

"हॅलो? कोण?"

"नोरीना?"

"मग कोण? मी जेवतेय. उकडलेलं पेर. बोल."

"तू... तू आहेस ना?"

"अरे, पेर खातेय म्हटलं ना! काय झालंय तुला?"

एवारिस्तो फोन हातात धरून मुलासारखा रडला. सातही बायका रडल्या, आणि झेलिंदा सगळ्यांत जास्त, कारण आपल्यामुळे हे सगळं झालं हे तिला उमजलं होतं. नोरीना पलीकडून ओरडत होती, "कोण मेलंय तिथे? एवारिस्तो! कोण मेलंय?" आणि इकडे कुणाला सांगवेना.

रोक्कापिंतात शोकाची भांडी भरलेली परत न्यायची रीत नाही. तेव्हा एवारिस्तोला ते सगळं खावं लागलं. दोन दिवस तो लसान्या खात होता आणि आपलाच चव्वेचाळिसावा नियम मनात घोळवत होता. तिसऱ्या दिवशी झेलिंदा आली. तिच्या डोक्याला अजून काळा रुमाल होता.

"दार उघडायलाच हवं," ती म्हणाली.

"तूच तर म्हणत होतीस, इओलांदाकडे जा म्हणून!"

"ते घंटा वाजायच्या आधी. आता घंटा वाजली, जेवण खाल्लंस तू, दगड निघालाय. मृत्यूला बोलावणं गेलं ना? तो येऊन दार बंद बघणार आणि गल्लीतच घुटमळणार. तुझ्या समोर कोण राहतं? मी!" तिनं रुमालाची गाठ आवळली. "आणि नोरीना परत यायला हवी, एवारिस्तो. तिच्यावाचून गल्ली कशीतरीच वाटते. माझ्याशी भांडायला कुणी नाही."

एवारिस्तोला एकदम झेलिंदाबद्दल माया वाटली. त्यानं अंड्यांचा विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरवलं. पण नियम नियमच होता.

"परंपरागत कारण लागतं, झेलिंदा. म्हणजे माणूस जायला हवं. मी खोटं लिहिणार नाही."

"खोटं कशाला? जे झालं ते लिही."

म्हणून त्यानं जे झालं ते लिहिलं. सात पानं लिहिली. चेरीच्या झाडापासून मेंढीच्या चीजपर्यंत सगळं, तारखेनिशी. पाद्र्यांनी घंटा वाजवल्याचं पत्र दिलं, कारण ती वाजली होतीच. झेलिंदा आणि ब्रेडवाल्याच्या बायकोनं जेवण पोहोचवल्याच्या सह्या केल्या, कारण भांडी अजून एवारिस्तोच्या मोरीत होती. शववाहक मंडळींनी चार बांधव पाठवण्याचं मान्य केलं. ती मंडळी गावात चारशे वर्षं आहे, आणि गेल्या वर्षभरात कुणी मेलं नसल्यामुळे त्यांना काम नव्हतं.

मारीबाईंनी सातही पानं वाचली. मध्ये एकदा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि एकदा हसू दाबताना त्यांना ठसका लागला.

"मंजूर," त्या म्हणाल्या.

"पण बाई, माझी बायको जिवंत आहे. पहिल्याच पानावर लिहिलंय मी."

"वाचलं मी. पण तुमचा नियम बघा ना, साहेब. घंटा, जेवण, चार बांधव. तीनही पुरावे आहेत. कुणीतरी मेलेलं असावं, असं तुम्ही कुठे लिहिलंच नाहीये."

एवारिस्तोनं नियम हातात घेतला. दोनदा वाचला. खरंच लिहिलं नव्हतं. आयुष्यातला सर्वांत सुंदर मसुदा, सहा बाटल्या वाइन, आणि त्यात मूळ मुद्दाच राहून गेला होता. सदतीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. अपमानानं त्याचे कान लाल झाले.

"दुरुस्ती सुचवू का?" मारीबाईंनी विचारलं.

"नको," एवारिस्तो घाईनं म्हणाला. "ऑक्टोबरनंतर."

प्रीमोनं चार दिवसांत दार उघडलं. प्रत्येक दगडावर खडूनं आकडा घातला आणि सगळे दगड अंगणात ओळीनं मांडले, नंतर जसेच्या तसे बसवता यावेत म्हणून. पायरीवर त्यानं ऑलिव्हच्या लाकडाची उतरण बसवली, इतकी चपखल की एवारिस्तोला ती पुसायचीही हिंमत होईना. एवारिस्तोनं स्वतः चुना खरवडला. त्याच्या केसांत, भुवयांत, कानात चुना बसला. बायका गल्ली झाडत होत्या, पाद्री नवा दोर घंटेला बांधत होते, आणि मंडळींच्या चौघांनी चारशे वर्षांचे जुने काळे झगे इस्त्री करून घेतले होते. इतकं सुंदर गाव जगात दुसरं नाही, असं एवारिस्तोला त्या सकाळी मनापासून वाटलं, आणि त्यानं ते उघड बोलूनही दाखवलं. प्रीमो म्हणाला, "मग साहेब, आता तरी वरच्या गल्लीतल्या गटाराचं बघा."

रुग्णवाहिका किल्ल्याच्या वेशीपर्यंतच येते, पुढे गल्ली चढी आहे. एवारिस्तो एकटाच वेशीपाशी गेला. ते चार बांधव मागच्या वळणावर थांबले होते, पुढे उजव्या बाजूला कोणी लागायचं यावर त्यांचं भांडण चाललं होतं.

रुग्णवाहिकेचं मागचं दार उघडलं. ड्रायव्हरनं खुर्ची खाली ठेवली. आणि नोरीना, हातात एक काठी घेऊन, आपली आपण खाली उतरली. चार पावलं चालली. पाचवं पाऊल टाकून एवारिस्तोसमोर उभी राहिली.

"अगं!" एवारिस्तोच्या तोंडून निघालं. "तू चालतेस!"

"चार दिवस झाले," ती म्हणाली. तिचा चेहरा आनंदानं लाल झाला होता. "फोनवर सांगितलं नाही. म्हटलं, एकदम दाखवू. डॉक्टरांचा विश्वास बसत नव्हता. आता तुझ्या त्या अरुंद दारातून मी आडवी होऊन..."

ती बोलता बोलता थांबली. एवारिस्तोकडे तिनं नीट पाहिलं. भुवयांतला चुना, सोललेली बोटं, इस्त्री केलेला काळा कोट. वळणावर काळ्या झग्यांतले चौघे भांडत होते, पलीकडे गल्लीत त्रेसष्ट घरांतली माणसं उभी होती आणि कुणीतरी कुणालातरी "आली, आली" म्हणत होतं. एवारिस्तो हसायचा प्रयत्न करत होता. "वा," तो म्हणत होता, "वा, फारच छान, म्हणजे मग दार... वा."

नोरीनानं काठी ड्रायव्हरच्या हातात दिली.

"खुर्ची इकडे सरकवा हो," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसली. पदर सावरल्यासारखी तिनं शाल सावरली. "एवारिस्तो, बोलाव तुझ्या त्या चौघांना. माझ्या पायात मुळीच बळ नाही."

चौघे आले. गल्लीभर लोक दारात उभे होते. मेलेल्याच्या दारापाशी पुन्हा वाद निघाला, कारण शवपेटी पाय पुढे करून बाहेर जाते, मग आत येताना काय पुढे करायचं? झेलिंदाचं म्हणणं होतं उलटं आणा. नोरीना चौघांच्या हातांवर, जमिनीपासून हातभर वर, वाट बघत होती.

"झेलिंदा," ती वरून म्हणाली, "मी जिवंत आहे. तोंड पुढे."

तशी ती आत आली. त्या दारातून आजवर कुणी आत आलं नव्हतं. पाद्री फुल्जेंसियोंनी घंटा वाजवली, या वेळी थांबे न घेता. प्रीमोनं टोपी काढली आणि नंतर ती का काढली हे आठवेना म्हणून परत घातली. झेलिंदा रस्त्यात बसून मोठ्यानं रडत होती आणि सगळ्यांना सांगत होती की ही कल्पना तिची.

स्वयंपाकघरात एवारिस्तोनं खुर्ची चुलीपाशी आणली. तिथे पूर्वी कधी एवढा उजेड नव्हता. दुपारचं ऊन थेट फरशीपर्यंत आलं होतं. तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "नोरीना, तू त्या जुन्या दारातून सहज आली असतीस ना?"

"सहज," ती म्हणाली. "पण तू हे माझ्यासाठी उघडलंस. मग मी दुसरीकडून कशी येणार?"

तिनं त्याच्या भुवयांतला चुना बोटानं पुसला. बाहेर झेलिंदा आत डोकावायची वाट शोधत होती. नव्या दाराला अजून फळी बसायची होती. नोरीना उठली, कपाटातली चादर काढली, स्वतःच्या हातांनी ती दारावर टांगली, आणि मग कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं.